शास्त्रज्ञ ॲना मणी : पावसाचे खरे माप

जुलै महिना लागला की मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच एक सवय लागते. सकाळी डोळे उघडले की आधी मोबाईल हातात. शाळेला सुट्टी जाहीर झाली का? लोकल चालू आहेत का? आणि नकाशावर आपल्या भागावर कोणता रंग आहे? पिवळा, ऑरेंज की लाल? अंधेरीवर गडद पट्टा दिसला की आई म्हणते, आज नको जाऊस. मुलुंडवर काहीच दिसत नसलं की बाबा छत्री घेऊन निघतात.

आता मला सांगा, हा रंग त्या नकाशात येतो कुठून? मोबाईलला तर पाऊस कळत नाही. सॉफ्टवेअरलाही कळत नाही. कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर किंवा वेधशाळेच्या आवारात एक साधे नळकांडे उभे असते. त्यात पाऊस पडतो, त्याचा आकडा होतो आणि त्या आकड्याला रंग दिला जातो. आकडा चुकला की रंग चुकला. रंग चुकला की माणूस चुकीच्या वेळी घराबाहेर पडला.

हा आकडा खरा असावा म्हणून आपल्या देशात एका बाईंनी जवळजवळ अख्खे आयुष्य घातले, आणि त्यातला मोठा काळ त्यांनी आपल्या पुण्यात काढला. त्यांचे नाव ॲना मणी. आजच्या पाठात त्यांची ओळख करून घेऊ. पण त्याआधी एक तारीख.

२६ जुलै २००५. तुमच्यापैकी कुणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता, पण घरी विचारून बघा. त्या रात्री कोण कुठे अडकले होते, कोण कुर्ल्याहून ट्रॅकवरून चालत आले, कोणाच्या घरात किती पाणी होते, हे प्रत्येक घरात अजून पाठ आहे. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत पडला. तेवढ्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत साधारण ७४ मिलिमीटर. शहर एकच. दोन वेधशाळांमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे, आणि पाऊस जवळजवळ तेरापट!

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, याचा अंदाज येत नाही ना? एक सोपा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची ५० चौरस मीटरची धरली, तर तिच्यावर ४७,२०० लिटर पाणी पडले. सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे जवळपास पाच टँकर, एका लहानशा गच्चीवर. आता साकीनाका, कलिना, कुर्ला, घाटकोपर इथल्या सगळ्या गच्च्या, रस्ते, डोंगरउतार डोळ्यांपुढे आणा आणि ते सगळे पाणी मिठी नदीकडे आणि नाल्यांकडे धावतेय अशी कल्पना करा. त्या दिवशी शेकडो माणसे गेली. पाऊस पडत असताना कोणत्या वॉर्डात किती पडतोय हे मिनिटामिनिटाला दाखवणारा पडदा तेव्हा कुणासमोरच नव्हता. मुंबईत डॉप्लर रडारही नव्हते. दुपारी कुलाब्याला बसलेल्या माणसाला आभाळ फक्त भरलेले दिसत होते.

म्हणून म्हणते, पाऊस मोजणे हे काही पुस्तकातल्या धड्यापुरते काम नाही. चला तर मग, ॲना मणींकडे वळू.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेड या डोंगराळ गावी झाला. हे आता केरळात येते. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते, शिवाय घरचे वेलदोड्याचे मळे होते. घर खाऊनपिऊन सुखी. अशा घरात रिवाज ठरलेला होता: मुलांना मोठ्या नोकऱ्यांसाठी शिकवायचे आणि मुलींची लग्नाची तयारी करायची.

ॲना मात्र पुस्तकांच्या मागे लागलेली. गावातल्या वाचनालयातली मल्याळम पुस्तके आठव्या वर्षापर्यंत आणि इंग्रजी पुस्तके बाराव्या वर्षापर्यंत तिने जवळजवळ संपवली. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे तिच्यासाठी हिऱ्याच्या कुड्या आणल्या होत्या. तिने त्या घेतल्या नाहीत. त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागितला. आठ वर्षांची मुलगी, बरं का! (पुढे या मुलीच्या आयुष्यात हिरे आलेच, पण कानात घालायला नाही. ते लगेच सांगते.)

त्याच सुमारास शेजारच्या वैकोममध्ये सत्याग्रह चालू होता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून दलित समाजाला चालू दिले जात नव्हते, त्याविरुद्धचा तो लढा. १९२५ मध्ये गांधीजी तिथे आले. लहानग्या ॲनाच्या मनावर याचा खोल ठसा उमटला. ती खादी वापरू लागली, आणि खादी तिने पुढे आयुष्यभर सोडली नाही. मला वाटतं, आपल्या देशाची यंत्रे आपल्याच देशात झाली पाहिजेत हा त्यांचा पुढचा हट्ट याच खादीतून आलेला आहे.

मद्रासला शिकून १९३९ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. इथे आपल्या मुंबईच्या एका विदुषीची आठवण काढायलाच हवी. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण. १९३३ साली याच संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता, आणि नाकारणारे स्वतः रामनच होते. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अटी घालून त्यांना घेतले गेले, आणि त्यांचे काम पाहून दार थोडे उघडले. सात वर्षांनी ॲना मणी त्या दारातून आत गेल्या.

आत गेल्यावर सगळे सुरळीत होते असे मात्र समजू नका. रामन यांच्या प्रयोगशाळेत मुलगे आणि मुलींनी एकमेकांशी बोललेले चालत नसे. मुलगे आपसात प्रयोगांवर चर्चा करायचे, वाद घालायचे, त्यातून शिकायचे. मुली त्या गप्पांच्या बाहेर. विज्ञान निम्मे तर अशा बोलण्यातूनच शिकले जाते हे तुम्हाला तुमच्या वर्गातल्या गटकार्यावरून माहीत आहे.

ॲना मणींना काम मिळाले हिऱ्यांचे आणि माणकांचे. रामन यांच्याकडे सुमारे ३०० हिरे होते. त्यांतल्या तीसहून अधिक हिऱ्यांवर प्रकाश टाकला की ते कसे चमकतात, कोणता प्रकाश शोषतात, कोणता परत फेकतात, याची नोंद त्यांनी केली. एक फोटो मिळवण्यासाठी काच पंधरा-वीस तास प्रकाशात ठेवावी लागे. कधी कधी त्या प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, पाचही एकट्याच्या नावावर. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला.

विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. पदवी परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्या, संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवलेल्या, पाच निबंध लिहिलेल्या व्यक्तीला कागदावरच्या एका नियमापुढे अडवण्यात आले. तो प्रबंध आजही बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेला आहे. बाई आयुष्यभर 'डॉक्टर' झाल्या नाहीत. त्यांना स्वतःला याचे फारसे वाईट वाटले नाही असे सांगतात. मला मात्र वाचताना दरवेळी राग येतो, आणि तो आला तर तुम्हीही दाबू नका.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला निघाल्या. महायुद्ध नुकतेच संपले होते, आणि त्या गेल्या सैनिकांना नेणाऱ्या जहाजातून. मनात होते भौतिकशास्त्राचे पुढचे संशोधन. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला पोहोचल्यावर कळले की उपलब्ध शिष्यवृत्ती एकाच विषयाची आहे, हवामान मोजण्याची उपकरणे. म्हणजे ज्या कामासाठी आज जग त्यांना ओळखते, ते काम त्यांनी मुळात निवडलेलेच नव्हते. मिळाले ते घेतले आणि मग इतके मनापासून केले की तेच त्यांचे झाले.

१९४८ मध्ये, स्वतंत्र भारतात, त्या परत आल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या.

पुण्याला शिवाजीनगरजवळ 'सिमला ऑफिस' नावाची घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. तुमच्यापैकी कुणी पुण्याला नातेवाइकांकडे जात असेल तर बसमधून बघितली असेल. पुण्यात सिमला कुठून आले, असा प्रश्न पडतो की नाही? तर हवामान खात्याचे मुख्यालय पूर्वी सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले, आणि पुणेकरांनी नाव दिले ते दिलेच. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नाव मात्र तिथेच राहिले.

हे खाते सुरू का झाले तेही थोडक्यात सांगते, कारण त्याचा संबंध वादळांशी आहे. १८६४ साली कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झाले. त्यानंतरच्या वर्षांत पाऊस दगा देऊन दुष्काळ पडले. तेव्हा सरकारला जाग आली की ठिकठिकाणच्या नोंदी एका जागी आणून बघणारे कुणीतरी पाहिजे, आणि १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. त्याही आधी कलकत्त्यातच हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थांनी वादळांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. 'सायक्लोन' हा शब्द त्यांचाच. त्यांनी आपल्या पुस्तकासोबत खलाशांना शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिल्या. चकतीवर वादळातले गोल फिरणारे वारे काढलेले. समुद्राच्या नकाशावर चकती ठेवायची, आपल्या जहाजावरचा वारा कोणत्या दिशेने येतोय ते जुळवायचे, आणि वादळाचे केंद्र कुठे आहे ते ओळखायचे. तुमच्या मोबाईलवर वादळाचे चक्र फिरताना दिसते ना, त्याची ही पणजीच म्हणा.

पण चकती असो की मोबाईल, वाऱ्याची दिशा आणि वेग कुणीतरी नीट मोजायला हवा. आणि १९४८ साली आपली परिस्थिती काय होती? हवामानाची साधी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून यायची. बिघडले तर सुटा भाग यायला महिनोन् महिने. पुण्याच्या कार्यशाळेत एस. पी. वेंकटेश्वरन हे उपकरण विभागाचे प्रमुख होते. आपली यंत्रे आपणच करायची हा त्यांचा ध्यास, आणि ॲना मणी त्यांच्या हाताखाली कामाला लागल्या. १९५३ मध्ये त्या स्वतः या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ माणसे, आणि सगळे पुरुष.

इथे त्यांनी केलेले सगळ्यात मोठे काम दिसायला अगदी रटाळ आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते एका ओळीत उरकतात. मी जरा थांबून सांगणार आहे. त्यांनी सुमारे शंभर वेगवेगळ्या उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. पर्जन्यमापक घ्या. त्याचे तोंड किती रुंद, कड किती धारदार, जमिनीपासून उंची किती, पत्रा कोणता. हे सगळे कागदावर मापासकट काढायचे, आणि मग कुणीही, कुठेही त्या आराखड्यावरून यंत्र बनवले तरी ते हुबेहूब तसेच झाले पाहिजे.

कशाला एवढा आटापिटा? समजा बोरिवलीच्या पर्जन्यमापकाचे तोंड ठरल्यापेक्षा थोडे मोठे आहे आणि घाटकोपरचे थोडे लहान. दोन्हीकडे सारखाच पाऊस पडला तरी बोरिवलीला जास्त दिसेल. आपण म्हणू, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, म्हणून जास्त पाऊस पडला. छान कारणही सापडले! आणि खरे कारण काय, तर पत्रा कापणाऱ्याचा हात. यंत्रे एकसारखी नसतील तर दोन गावांचा पाऊस तुलनेला घेताच येत नाही.

त्यांचे म्हणणे साधे आणि कडक होते: चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले परवडले. माप नसेल तर माणूस सावध राहतो. चुकीचे माप हातात असेल तर तो निर्धास्त होतो. म्हणून बाहेर जाणारे प्रत्येक यंत्र आधी खात्रीच्या यंत्राशेजारी ठेवून ताडून बघायचे, फरक असेल तर तो लिहायचा, जास्त असेल तर यंत्र परत. एखाद्याला हा किचकटपणा वाटेल. पण तुमच्या वाण्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो तो तुम्ही बघता की नाही? हे तेच, फक्त आभाळासाठी.

पन्नासच्या दशकातच आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष आले, १९५७-५८. जगभरचे शास्त्रज्ञ एकाच वेळी पृथ्वीची मापे घेणार होते. त्यानिमित्ताने ॲना मणींनी भारतात ठिकठिकाणी सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे उभी केली. सुरुवातीला उपकरणे बाहेरची होती, नंतर ती इथेच बनू लागली. पुढे त्यांचे लक्ष गेले ओझोनकडे. जमिनीपासून खूप उंचावर असलेला हा वायू सूर्याच्या घातक किरणांना अडवतो. तो मोजायला फुग्याबरोबर वर जाणारे उपकरण लागते. ते त्यांच्या गटाने साठच्या दशकात पुण्यात तयार केले. असे उपकरण स्वतः बनवणारे देश तेव्हा जगात मोजकेच होते. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा इथल्या अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून दिला. अग्निबाण सोडायचा तर आधी वारा माहीत पाहिजे ना!

फुग्याचे जरा समजून घ्या, कारण तो तुमच्या शेजारीच उडतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतून पहाटे आणि संध्याकाळी एक मोठा फुगा सोडतात. त्याला एक छोटी डबी बांधलेली असते. तीत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात आणि एक इवलासा रेडिओ. फुगा वर वर जातो आणि डबी खाली आकडे पाठवत राहते. जमिनीवर उकडतेय आणि वरती हवा एकदम थंड आहे, मधे भरपूर बाष्प आहे, असे आकडे आले की हवामानशास्त्रज्ञ सावध होतात, कारण हे गडगडाटी ढगांचे लक्षण. हे आकडे जमिनीवरच्या पर्जन्यमापकाला कधीच कळणार नाहीत. आणि डबीतला सेन्सर जरासा खोटे बोलला तर? ती परत येईल याचा भरवसा नाही, दुसऱ्यांदा तपासता येत नाही. म्हणून उडण्याआधीच तपासावे लागते. मणीबाईंच्या विभागाचे काम ते हेच.

आता पुन्हा आपल्या मोबाईलवर येऊ.

२००५ नंतर मुंबईत बरेच बदलले. महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, अनेक तर अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. कुलाब्याला डॉप्लर रडार आले, आणि २०२२ मध्ये आपल्या उपनगरात, वेरावलीला, दुसरे. पुण्याची आयआयटीएम ही संस्था, हवामान खाते आणि महापालिका यांची केंद्रे मिळून दर पंधरा मिनिटांनी ठिकठिकाणचा पाऊस दाखवणारी सोय झाली. १२ जून २०२० रोजी 'आयफ्लोज-मुंबई' ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती-ओहोटी, जमिनीचा चढउतार, नाले असे सगळे एकत्र मांडून कोणत्या वॉर्डात पाणी साचू शकते याचा ती अंदाज देते.

या सॉफ्टवेअरच्या पोटात काय चालते? स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली सी-सॉसारख्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की ती खाली जाते, रिकामी होते आणि दुसरी वर येते. प्रत्येक वेळी एक टिक. टिका मोजल्या की पाऊस कळला. हा आकडा मोबाईलच्या सिमकार्डावरून संगणकाकडे जातो. पण केंद्रे असतात मोजक्या ठिकाणी, आणि नकाशा तर सगळीकडे रंगवायचा असतो! मग मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. समजा अंधेरीला १०० मिलिमीटर आणि घाटकोपरला २० मिलिमीटर. दोघांच्या बरोबर मध्ये साकीनाका धरला, तर सोप्या हिशेबाने तिथे ६० येतील. आता अंधेरीचे यंत्र कचऱ्यामुळे १०० ऐवजी ७० दाखवतेय असे समजा. साकीनाक्याला आपोआप ४५ दिसतील. साकीनाक्याच्या यंत्राची काही चूक नाही, तिथे यंत्रच नाही! एका गच्चीवरची चूक नकाशावर अशी चार वस्त्यांत पसरते.

त्याहून वाईट म्हणजे शून्य. नरसाळ्यात पिंपळाचे पान अडकले, कबुतराने घाण केली, भोक बुजले. बाहेर धो धो कोसळतोय आणि वाटी हलतच नाही. यंत्र सांगते शून्य. आता पाऊस पडला नाही हे एक शून्य, आणि मला काही कळलेच नाही हे दुसरे. चांगल्या सॉफ्टवेअरने हे दोन वेगळ्या रंगांत दाखवायला हवेत. शेजारची तीन केंद्रे पाऊस दाखवत असताना चौथे गप्प असेल तर त्याच्यावर शंका घ्यायला हवी. नाहीतर नकाशावर मधोमध एक पांढरा, कोरडा तुकडा दिसतो आणि तिथला माणूस म्हणतो, वा, आपल्याकडे काही नाही.

रडार आहे की, असे कुणीतरी म्हणेल. आहे, आणि फार मोलाचे आहे. ढग कुठून कुठे सरकताहेत, त्यांच्यातला वारा कसा आहे, हे ते दाखवते. पण रडार पाऊस मोजत नाही. ते लहरी सोडते, त्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि किती परत आल्या त्यावरून किती पाऊस असेल याचा हिशेब मांडला जातो. मोठे थोडे थेंब आणि बारीक खूप थेंब यांत हा हिशेब फसू शकतो. मग बरोबर काय ते ठरवायचे कशावरून? पुन्हा जमिनीवरच्या पर्जन्यमापकाकडेच जावे लागते. एवढ्या महागड्या यंत्राचा मास्तर शेवटी गच्चीवरचे नळकांडेच.

ॲना मणींनी यातले एकही ॲप बघितले नाही. १९६९ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर आराम केला असेल असे वाटते? तीन वर्षे रामन संशोधन संस्थेत शिकवले. भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या नोंदींचे जाडजूड संदर्भग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये काढले. बंगळूरुला वारा आणि सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवणारा छोटा कारखाना काढला. देशभर कुठे किती वारा वाहतो याचे मोठे सर्वेक्षण केले. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर तुम्ही पवनचक्क्या बघितल्या असतील. अशी चक्की उभी करण्याआधी त्या जागी वारा महिनोन् महिने मोजावा लागतो, बरं का. नुसते टोपी उडतेय म्हणून चालत नाही. १९८७ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे के. आर. रामनाथन पदक मिळाले.

त्यांनी लग्न केले नाही. निसर्गात फिरणे, संगीत आणि पक्षी बघणे ही त्यांची आवड. बाई म्हणून तुम्हाला त्रास झाला का, असे कुणी विचारले तर त्यांना तो प्रश्न फारसा आवडत नसे. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि हिंडणेफिरणे थांबले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचे निधन झाले. आपला २६ जुलै त्यानंतर चार वर्षांनी आला. २०२२ मध्ये त्यांच्या १०४ व्या जन्मदिवशी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले, आणि पुष्कळ जणांनी त्यांचे नाव पहिल्यांदा तेव्हाच ऐकले.

आता तुमच्यासाठी उपक्रम. सरळ भिंतींची, सपाट बुडाची एक प्लास्टिकची बरणी घ्या. तोंड आणि बूड एकाच रुंदीचे हवे, बाटलीसारखे निमुळते नको. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा, शून्य बरोबर बुडाच्या आतल्या पातळीवर येईल असे बघा. गच्चीवर मोकळ्यात ठेवा. पाण्याची टाकी किंवा भिंत जवळ असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. वाऱ्याने पडू नये म्हणून दोन विटांमध्ये बसवा. गच्चीवर एकट्याने जायचे नाही, विजा चमकत असतील तर अजिबात जायचे नाही. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा, बरणी रिकामी करा आणि तारीख घाला. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहा. मोजायला विसरलात तर शून्य लिहू नका, आडवी रेघ मारा.

पंधरा दिवसांनी वही वर्गात आणा. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या मुलांचे आकडे फळ्यावर मांडू, नकाशा रंगवू आणि मोबाईलवरच्या आकड्यांशी ताडून बघू. ज्यांच्या वहीत एकही रेघ नसेल त्यांना मी जरा जास्त प्रश्न विचारणार आहे.